टीव्हीसमोरचे ठोसे आणि घरातला व्यायाम

कवठे महांकाळ तालुक्यातल्या बचत गटांच्या वतीनं आम्ही आज तुमच्याशी बोलत आहोत. हातात निवडायचे तांदूळ असतील तर ते निवडत ऐका, भाकरी थापत असाल तर थापत ऐका. मात्र शेवटी पाच मिनिटं तुम्हाला उभं राहायला सांगणार आहोत, तेवढी तयारी ठेवा.

आपल्या गटांच्या दशसूत्रीतली पहिली पाच सूत्रं सगळ्यांना तोंडपाठ आहेत. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब. त्यानंतर आरोग्याचं सूत्र येतं. बैठकीत ते वाचलं जातं आणि तिथंच राहतं. डॉक्टर सांगतात, शुगर आहे, चाला. ब्लड प्रेशर आहे, चाला. पण चालायचं कुठं? पहाटे मिरज-पंढरपूर रस्त्याच्या कडेनं गडी माणसं पळतात, पोरं तालमीत जातात. बाई एकटी रस्त्यानं हात हलवत चालली, तर समोरचा विचारतो, "काय वहिनी, कुठं निघाला एवढ्या घाईनं?" दोन दिवस ती उत्तर देते, तिसऱ्या दिवशी जायची बंद होते. म्हणजे आपल्याला व्यायामासाठी हक्काची एकच जागा उरते, ती घरातली. म्हणून आज घरात करता येणाऱ्या एका नव्या तऱ्हेच्या व्यायामाबद्दल बोलू. हा आहे टीव्हीसमोर उभं राहून खेळायचा ठोशांचा खेळ.

आमच्या एका गटातल्या आक्कांचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. गुढीपाडव्याला तो गावी आला, तेव्हा त्याच्याकडचा जुना व्हिडिओ गेमचा संच घेऊन आला आणि आषाढीपर्यंत तो घरीच ठेवून गेला. साधा गेम पोरं सोफ्यावर बसून बोटानं बटणं दाबत खेळतात. हा तसला नाही. याच्याबरोबर एक कॅमेरा येतो, तो टीव्हीच्या खाली ठेवायचा. आपण समोर उभं राहायचं. आपण हात उचलला की पडद्यावरचा माणूस हात उचलतो, आपण ठोसा मारला की तोही मारतो. समोर दुसरा मुष्टियोद्धा असतो, त्याचे ठोसे चुकवायचे आणि आपले मारायचे. हातात काहीच धरायचं नाही.

हे चालतं कसं ते थोडक्यात सांगतो. २००६ साली निन्टेन्डो या जपानी कंपनीनं 'वी' नावाचा संच आणला. त्यात रिमोटसारखी एक दांडी हातात धरायची. दांडी किती जोरानं आणि कुठल्या बाजूला हलली हे तिच्यातला एक छोटा भाग ओळखतो. तुमचा मोबाइल आडवा केला की चित्र आडवं होतं ना, तेही अशाच भागामुळं. पुढं २०१० च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्ट कंपनीनं 'किनेक्ट' आणला. त्यातला कॅमेरा डोळ्यांना न दिसणारा प्रकाश खोलीभर टाकतो आणि आपलं अंग, हात, गुडघे किती लांब आहेत हे मोजतो. आक्कांच्या घरी आला तो हा किनेक्ट. २०१७ मध्ये कंपनीनं तो बनवायचाच बंद केला, म्हणून आता तो जुन्या बाजारातच मिळतो. निन्टेन्डोच्या नंतरच्या 'स्विच' संचावर तर नुसता व्यायामासाठी म्हणून बनवलेला बॉक्सिंगचा खेळ आहे. तो २०१८ च्या डिसेंबरात जपानमध्ये निघाला.

आता मुद्द्याचा प्रश्न. याला व्यायाम म्हणायचं का? यावर अभ्यास झालेले आहेत. २००८ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस इथल्या संशोधकांनी 'वी'चे पाच खेळ तरुण मुलामुलींकडून खेळवून घेतले आणि अंगातली किती शक्ती खर्च होते ते मोजलं. गोल्फमध्ये मिनिटाला साधारण ३ कॅलरी, टेनिसमध्ये ५ च्या आसपास, आणि बॉक्सिंगमध्ये ७ च्या वर. म्हणजे अर्धा तास ठोसे मारले तर दोनशेच्या वर कॅलरी गेल्या. पाच खेळांत छातीचा दम वाढवण्याइतका जोर फक्त बॉक्सिंगमध्ये लागतो, असं त्यांनी सांगितलं. पण त्याच्या आदल्या वर्षी, २००७ मध्ये, इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या संशोधकांनी शाळकरी मुलांवर असाच अभ्यास केला होता. त्यांनी बजावलं की बसून खेळायच्या गेमपेक्षा हे नक्कीच चांगलं, पण खऱ्या मैदानी खेळाची बरोबरी याला येत नाही.

दोन्ही अभ्यास एकत्र ठेवले की आपल्याला समजतं ते असं: बसण्यापेक्षा हे बरं, आणि मनापासून खेळलं तर भरभर चालण्याच्या जोडीला बसवता येईल. मैदान मिळत असेल तर मैदानच चांगलं. मैदान न मिळणाऱ्या बाईसाठी हा एक मार्ग आहे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसानं आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम जोराची हालचाल करावी. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातले पाच दिवस. शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. याच संघटनेच्या संशोधकांनी २०२२ सालचा हिशेब मांडला, तेव्हा भारतात शंभरातल्या ५७ बाया तेवढी हालचाल करत नाहीत असं निघालं. गड्यांमध्ये हा आकडा ४२ होता.

हे बैठकीत सांगितलं तेव्हा एक मावशी उसळून म्हणाल्या, "आमाला काय सांगताय यायाम? दिसभर रानात वाकतोय की!" मावशींचं खरं आहे. रानातलं कामही या १५० मिनिटांत धरलं जातं. खुरपायला, भांगलायला जाणाऱ्या बाईला हालचाल कमी पडत नाही. तिला कमी पडते ती विश्रांती आणि कमरेला उलटा ताण. पण आपल्या तालुक्यात आता सगळ्याच बाया खुरपायला जात नाहीत. म्हैसाळ योजनेचं पाणी आलं, बागा वाढल्या, कामाच्या तऱ्हा बदलल्या. द्राक्षाच्या विरळणीला जाणारी बाई तासन् तास हात डोक्याच्या वर धरून उभी असते, तिची मान आणि खांदे जातात. बेदाण्याच्या शेडवर निवडायला बसणारी बाई सकाळी बसली की जेवणाच्या सुट्टीलाच उठते. शिलाई मशीनवाली बसून, दुकानवाली बसून, अंगणवाडीच्या ताई वह्या भरत बसून. काम करून सगळ्याच दमतात. पण दमणं वेगळं आणि छातीला, पायाला व्यायाम मिळणं वेगळं.

म्हणून आम्ही गटात आधी कामाप्रमाणं वाटणी केली. बेदाणा निवडणाऱ्या आणि शिलाईवाल्या बायांना हा खेळ सगळ्यात जास्त उपयोगाचा. विरळणीच्या दिवसांत बागेत जाणाऱ्यांनी हात छातीच्या वर न्यायचा नाही आणि थोडाच वेळ खेळायचं. दिवसभर खुरपून आलेलीनं त्या दिवशी खेळूच नये, पाठीवर पडून गुडघे पोटाशी घ्यावेत, पाय भिंतीला लावून दहा मिनिटं पडावं.

आता खेळायची तयारी. ही माहिती आम्हाला कुठल्या पुस्तकात मिळाली नाही, करता करता कळली.

पहिली गोष्ट जागेची. कॅमेऱ्यापासून एकीला सहा फूट, दोघींना आठ फूट लांब उभं राहावं लागतं. आक्कांच्या सोप्यातली कॉट बाहेर काढल्यावर तेवढी जागा झाली. दारातून थेट ऊन येत असेल तर कॅमेऱ्याला माणूस नीट दिसत नाही, पडदा ओढून घ्यावा लागतो. वरचा पंखा हाताला लागेल का ते आधी बघायचं. सतरंजीवर पाय घसरतो, म्हणून उघड्या फरशीवर अनवाणी उभं राहायचं, आणि फरशी ओली नको.

दुसरी गोष्ट कपड्यांची. घोळदार साडीत कॅमेऱ्याला पाय ओळखता येत नाहीत, पडद्यावरची बाई वेडीवाकडी नाचायला लागते. ज्यांना चालतं त्यांनी सलवार-कुर्ता घातला. थोरल्या बायांनी भात लावणीला खोचतात तशी साडी वर खोचली, पदर कमरेला घट्ट बांधला. काचेच्या बांगड्या हा मोठा धोका आहे. दोघी शेजारी उभ्या असल्या आणि हाताला हात लागला तर काच घुसते. बांगड्या कोपराकडं सरकवून वर कापडाची पट्टी बांधायची. मंगळसूत्र ब्लाउजच्या आत. हातात दांडी धरायचा संच असेल तर तिची दोरी मनगटात घालायचीच. २००६ च्या डिसेंबरात जगभरात दांड्या हातातून सुटून टीव्हीवर आदळायला लागल्या, तेव्हा कंपनीला लाखो दोऱ्या बदलून द्याव्या लागल्या होत्या.

तिसरी गोष्ट वेळेची. पहिल्या आठवड्यात दोन मिनिटं खेळायचं, एक मिनिट थांबायचं, असे तीनच डाव. दर आठवड्याला एक डाव वाढवायचा. आधी पाच मिनिटं जागच्या जागी चालणं, खांदे फिरवणं. नंतर पाच मिनिटं हळूहळू थंड होणं. दम किती लागलाय हे ओळखायची सोपी खूण आहे. खेळताना शेजारणीशी एक वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य पुरं होत असेल आणि गाणं म्हणता येत नसेल तर जोर बरोबर आहे. वाक्यही तुटायला लागलं तर थांबायचं.

चौथी गोष्ट ठोशाची. या यंत्राला फसवणं सोपं आहे. पोरं नुसतं मनगट झटकून गुण मिळवतात. आमच्यातल्या काही जणी पण आठवड्याभरात ते शिकल्या आणि सुनांना हरवायला लागल्या. मग आम्ही नियम केला की गुण बघायचे नाहीत, टाच बघायची. खरा ठोसा पायातून येतो. मागची टाच उचलली, कंबर वळली, मग खांदा आणि शेवटी हात. असा ठोसा मारला तर मांड्या, पोट, पाठ सगळं कामाला लागतं. दुसरं असं की, हवेत मारलेल्या ठोशाला अडवायला काही नसतं, त्यामुळं कोपराला झटका बसतो. हात पुरता ताठ व्हायच्या आतच मागं घ्यायचा.

आता कोणी खेळायचं नाही, हे नीट ऐका. पोटुशी बाई, बाळंतपण किंवा सिझर नुकतं झालेली बाई, पिशवी काढलेली किंवा दुसरं ऑपरेशन झालेली बाई, यांनी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही. छातीत दुखतं, चक्कर येते, ब्लड प्रेशर वाढलेलंच असतं, त्यांनी नाही. ज्यांना फिट येतात त्यांनी पडद्यासमोरचा हा खेळ टाळावा, कारण लुकलुकणाऱ्या प्रकाशानं काहींना फिट येऊ शकते. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी खेळू नका, जवळ साखर ठेवा. घाम फुटून हात थरथरले तर लगेच साखर खा आणि बसा. अंग बाहेर येतं, शिंकताना किंवा उडी मारताना लघवी जाते, अशा बायांनी उड्या मारायच्या नाहीत. आणि हे लपवायचंही नाही. यावर उपचार आहेत, डॉक्टर बाईंना सांगा.

अजून एक. जरा हललं की धाप लागते, डोळ्यापुढं अंधारी येते, तर आधी रक्त तपासा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी निघालं. रक्त नसेल तर व्यायामानं अंग भरत नाही, उलट गळून जातं. तिशीच्या पुढच्या प्रत्येक बाईची शुगर आणि ब्लड प्रेशरची तपासणी सरकारी उपकेंद्रात फुकट होते. आशाताईंना विचारा. आम्ही खेळ सुरू करण्याआधी सगळ्यांची तपासणी करून घेतली. चौदा जणींपैकी तिघींचं ब्लड प्रेशर वाढलेलं निघालं, त्यातल्या दोघींना ते माहीतच नव्हतं. खेळाचं पुढं काहीही झालं असतं, तरी एवढ्या एका गोष्टीसाठी आमचे कष्ट कारणी लागले असं आम्ही समजतो.

आता घरच्यांचं बोलू. पहिल्याच आठवड्यात गावात बोलणं सुरू झालं. "बाया टीव्हीफुडं मारामारी शिकायल्यात." एका सासूबाईंनी सुनेला पाठवायचं बंद केलं. आम्ही चौघी त्यांच्याकडं चहाला गेलो. भांडलो नाही. आम्ही त्यांना आपल्याच जिल्ह्याची गोष्ट सांगितली. कुस्ती म्हणजे सांगलीकरांचा जीव. इथल्या तालमीत पिढ्यान् पिढ्या गडीच घुमले. पण २०२३ च्या मार्चमध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरली ती सांगलीतच, आणि मानाची गदा मिळवली ती सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं. शेजारच्या सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर दुष्काळी रानातनं धावत निघाली आणि २०१६ मध्ये रिओच्या ऑलिंपिकला तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीत दहावी आली. मणिपूरच्या मेरी कोमला २००७ मध्ये जुळी मुलं झाली आणि पुढच्याच वर्षी ती पुन्हा बॉक्सिंगची जगज्जेती झाली. इतकंच काय, २०२३ च्या जूनमध्ये सिंगापूरला ऑलिंपिकवाल्यांनी पडद्यावरच्या तायक्वांदोची स्पर्धा भरवली. त्यात खेळाडूंनी अंगाला यंत्रं बांधून हवेत लाथा मारल्या. एकमेकांना हात लावायचाच नाही, त्यामुळं बाई आणि गडी समोरासमोर खेळले.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते पोरींचं झालं. माझं गुडघं दुखत्यात, त्याला हाय का काय त्या पेटीत?" आम्ही म्हणालो, "आहे की. तुम्ही खुर्चीवर बसून फक्त हातांनी खेळा." दुसऱ्या दिवशी सूनही आली आणि सासूबाईही आल्या. खुर्चीवर बसून ठोसे मारले तर गुडघ्यांवर भार येत नाही, खांदे आणि पाठ मोकळी होते. जून उजाडेपर्यंत सगळ्यात नियमित येणाऱ्या त्याच होत्या.

आता एक गोष्ट जरा जपून सांगतो. जिची आहे तिनं एवढं सांगायला संमती दिली आहे. या खेळात समोरचा ठोसा मारतो तेव्हा मुठी गालाजवळ आणून अडवायचं असतं. आमच्यातली एक जण मात्र दर वेळी दोन्ही हात डोक्यावर घ्यायची, मान खाली घालायची, पाठ वळवायची आणि खाली बसायची. पहिले दोन दिवस सगळ्या हसल्या. तिसऱ्या दिवशी कुणी हसलं नाही. खेळात कुणी असं बसत नाही. असं बसायची सवय कुठं लागते ते आमच्यातल्या बऱ्याच जणींना कळलं.

त्या दिवशी चौदा जणींसमोर आम्ही तिला काहीही विचारलं नाही. दोन दिवसांनी एकटीला गाठलं, पाण्याच्या टाकीजवळ उभ्या राहून बोललो. पहिल्यांदा ती काही बोलली नाही. पुढच्या बैठकीनंतर मागं थांबली आणि बोलली. आम्ही तिला तीन गोष्टी सांगितल्या. २००५ च्या कायद्यानं घरात मार खाणाऱ्या बाईला संरक्षण मिळतं, घरात राहायचा हक्क मिळतो, आणि त्यासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. १८१ हा महिलांच्या मदतीचा नंबर आहे आणि जीवावर बेतलं तर ११२. आणि तिसरी गोष्ट, रात्री-अपरात्री आमच्यातल्या कुणाचंही दार वाजव. पुढं तिनं काय ठरवलं हे तिचं आहे, ते आम्ही इथं सांगणार नाही. ती आजही आमच्यात आहे, बचत भरते, बैठकीला येते.

हे सांगायचं कारण असं. कुणाच्या मनात आलं असेल की ठोसे शिकलो म्हणजे मारणाऱ्याला उत्तर देता येईल. तसं समजू नका. पडद्यावरचा माणूस हात लागत नाही, ढकलत नाही, केस धरत नाही. हा खेळ म्हणजे स्वसंरक्षणाचं शिक्षण नव्हे. खोट्या धीरानं अंगावर गेलं तर जास्त मार बसू शकतो. अशा वेळी बाहेर पडणं, माणसं गोळा करणं, फोन लावणं हेच खरं संरक्षण. पण या खेळानं एक झालं. बचतीच्या बैठकीत जे कधी दिसलं नसतं, ते आम्हाला दिसलं. पैशाचं बोलताना बाई चेहरा सांभाळते. खेळताना अंग खरं बोलून जातं. तुमच्या गटात खेळ घ्याल तेव्हा नुसते गुण मोजू नका, एकमेकींकडं बघा.

आता हिशेबाचं बोलू, कारण बचत गटात हिशेबाशिवाय काही पुरं होत नाही. हे ऐकून कुणी गटाच्या पैशातून असा संच घ्यायला निघाल, तर थांबा. जुना संच घेतला तरी काही हजार जातात. बिघडला तर दुरुस्त करणारा इथं मिळत नाही. वीज कधी असते, कधी नसते. आणि नव्याची नवलाई नऊ दिवस. पहिल्या आठवड्यात आमच्या चौदाच्या चौदा जणी हजर होत्या, दुसऱ्या महिन्यात दहा झाल्या. गटाचा पैसा शेळीला, शिलाई मशीनला, पोरीच्या फीला लागतो. त्यातून खेळणं घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. कुणाच्या घरी आधीच असेल तर त्याचा उपयोग करून घ्या.

आषाढीनंतर आक्कांचा मुलगा संच पुण्याला घेऊन गेला. मग काय करायचं? बैठकीत चर्चा झाली आणि असं ठरलं की पेटी गेली तरी मुठी आपल्याकडंच आहेत. टीव्ही बंद ठेवून, मोबाइलवर हलगी लावून आम्ही तेच ठोसे तसेच मारायला लागलो. एकीनं समोर उभं राहून "उजवा, डावा, वाक" असं ओरडायचं. खरे मुष्टियोद्धेही रोज असाच हवेत ठोसे मारायचा सराव करतात. आज आम्ही नऊ जणी नियमित आहोत. वजन म्हणाल तर फारसं उतरलेलं नाही, कुणाचं एक किलो, कुणाचं दोन, कुणाचं काहीच नाही. फरक दम लागण्यात पडला. श्रावणी सोमवारी दंडोबाच्या डोंगराला दर वर्षी चार ठिकाणी बसणाऱ्या आम्ही, यंदा एकदाच बसलो. बेदाणा निवडणाऱ्या दोघींची मान आखडायची राहिली. खुर्चीवाल्या सासूबाईंची शुगर खाली आली आहे, पण त्यात त्यांनी सोडलेल्या गोड चहाचाही वाटा आहे. गोळ्या त्यांनी बंद केलेल्या नाहीत. तुम्हीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

आणि आपल्याला हे काही अगदीच नवं नाही. मंगळागौरीला आपल्या आज्या रात्र रात्र फुगड्या घालायच्या, पिंगा, झिम्मा, कोंबडा, सूप नाचवणं. बाईनं घरात, बायांच्या घोळक्यात, घाम निघेपर्यंत खेळायची चाल आपल्याकडं जुनीच आहे. फक्त ती वर्षातून एका रात्रीपुरती उरली. ती आठवड्यातले पाच दिवस आणायची, एवढंच.

चला तर, आता उठा. तांदळाचं सूप बाजूला ठेवा, गॅस बारीक करा. ज्यांना मघाशी सांगितलेला त्रास आहे त्यांनी बसून नुसते खांदे फिरवा.

डावा पाय पुढं, उजवा मागं, दोन्हींत खांद्याएवढं अंतर. गुडघे जरासे सैल. मूठ वळा, अंगठा मुठीच्या बाहेर, आत दाबायचा नाही. दोन्ही मुठी गालाजवळ, कोपरं बरगड्यांना लागून. श्वास नाकानं आत. आता डाव्या हाताचा सरळ ठोसा छातीच्या उंचीवर, तोंडानं श्वास सोडत. हात परत गालाशी. आता उजवा, मागची टाच उचलून, कंबर वळवून. परत गालाशी. डावा, उजवा, डावा, उजवा. दहा झाले की गुडघ्यातनं थोडं वाका, जणू कुणाचा हात डोक्यावरनं गेला, आणि वर या. पाठ वाकवायची नाही, गुडघे वाकवायचे. पुन्हा दहा. पाय बदला, उजवा पुढं, आणि तसंच. दोन मिनिटं झाली की एक मिनिट थांबा, पाण्याचा घोट घ्या. असे तीन डाव झाले की आजचा तुमचा पहिला दिवस झाला.

या आठवड्याच्या बैठकीत इतिवृत्ताच्या वहीत एक ओळ वाढवा. बचत किती जमा, कर्ज किती वाटलं, आणि त्याखाली किती जणी किती मिनिटं खेळल्या. महिन्यानं ती ओळ वाचा. आणि गटातली जी बाई आजवर शुगर-ब्लड प्रेशर तपासायला गेली नाही, तिला उद्या सोबत घेऊन उपकेंद्रात जा. एकटीला पाठवू नका, एकटी जात नाही.